शहर पाहायचे कसे?
एडिंबऱ्याचा मनोरा आणि कासूची सहल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमधून सहलीचे वारे वाहू लागतात. कुठे जायचे, किती दिवस जायचे, वर्गणी किती ठेवायची, बस कोणाची ठरवायची, बरोबर कोण येणार, या प्रश्नांवर शिक्षकांच्या खोलीत चर्चा रंगते. कासू परिसरातील आमच्यासारख्या शाळांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : एक तर किल्ला, नाही तर मुंबई. आणि मुंबई ठरली की कागदावर ठिकाणांची यादी उतरू लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका यादीत आम्ही अकरा ठिकाणे बसवली होती. पहाटे निघून रात्री उशिरा परत आलो. अकराही ठिकाणे झाली, एकही मूल हरवले नाही, म्हणजे सहल यशस्वी झाली असे आम्ही समजलो. पुढच्या आठवड्यात मुलांना सहलीवर निबंध लिहायला सांगितले. बहुतेकांनी आइस्क्रीम, उलटी झालेली मुले आणि बसमधल्या भेंड्या यांचे वर्णन केले होते. एका मुलीने लिहिले होते, "आम्ही मुंबई पाहिली. पण मी आतल्या बाजूला बसले होते, म्हणून मला ती नीट दिसली नाही."

या वाक्याला आम्ही आधी हसलो, नंतर मात्र गप्प झालो. शहर पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, याचा विचार आम्हीच केलेला नव्हता. मग मुलांनी काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अगदी अनपेक्षित दिशेने मिळाले. आमच्या एका सहकाऱ्यांना मुलाकडे जाताना स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात तीन दिवस राहायची संधी होती. तीन दिवसांत काय काय पाहता येईल, याचे टाचण करायला त्यांनी आम्हा मंडळींना बसवले. नकाशा पाहता पाहता आम्ही एका जुन्या मनोऱ्याशी येऊन पोचलो. तो चालवणाऱ्या माणसाचे नाव पाहून आश्चर्य वाटले, कारण हा माणूस पुढे मुंबई विद्यापीठात पाच वर्षे प्राध्यापक होता. शहर कसे पाहावे हाच त्याच्या आयुष्यभराचा विषय होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

ज्वालामुखीवरचे शहर

आधी थोडे एडिंबऱ्याविषयी. शहराच्या मधोमध एक काळा कातळ उभा आहे आणि त्यावर किल्ला आहे. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा म्हणजे हा कातळ. पुढे हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले. त्यांनी भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला, पण कठीण कातळ तसाच राहिला. कातळाच्या आडोशाला, पूर्वेच्या बाजूला, मऊ खडकाची एक उतरती सोंड वाचली. या सोंडेवरूनच किल्ल्यापासून खालच्या राजवाड्यापर्यंत सुमारे मैलभर लांबीचा रस्ता गेला आहे. जुने शहर म्हणजे हा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना उतरणारे अरुंद बोळ. सोंडेवर जागा थोडी, म्हणून घरे आडवी न पसरता उंच वाढली. शहराच्या नकाशाचे कारण असे थेट खडकात सापडते.

याच शहरात १७२६ साली जेम्स हटन जन्मला. शहरालगतच्या सॅलिस्बरी क्रॅग्ज या कड्यांमध्ये त्याने खडक निरखले. वितळलेला रस जुन्या थरांमध्ये घुसून गोठला आहे, हे त्याने तिथे दाखवले आणि पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मावणारे नाही, या विचाराचा पाया घातला. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे एडिंबऱ्याच्या कातळापेक्षा बराच तरुण.

१७६७ साली जेम्स क्रेग या तरुणाच्या आराखड्याप्रमाणे उत्तरेला नवे शहर वसू लागले. रुंद सरळ रस्ते, चौक, बागा. पैसेवाली कुटुंबे तिकडे गेली आणि जुन्या शहरातील उंच घरांच्या एकेका खोलीत गरिबांची कुटुंबे दाटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भाग म्हणजे अंधार, घाण आणि रोगराई यांचे माहेरघर झाला होता. जुने आणि नवे असे हे दोन्ही भाग १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेले. आज ऑगस्ट महिन्यात तिथे नाटक-संगीताचे मोठे उत्सव भरतात आणि साऱ्या जगातून लोक येतात. या उत्सवांची सुरुवात १९४७ सालची.

परीक्षा न दिलेला प्राध्यापक

गेडीस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वनस्पतिशास्त्र शिकायला त्यांनी एडिंबरा विद्यापीठात नाव घातले आणि आठवड्याभरात सोडून दिले. जिवंत वनस्पतींऐवजी वाळलेल्या नमुन्यांवर सारा भर, हे त्यांना रुचले नाही. मग लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. तरीही १८८८ ते १९१९ अशी एकतीस वर्षे ते डंडी येथील विद्यापीठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

१८७९ साली ते नमुने गोळा करायला मेक्सिकोत गेले असता त्यांची दृष्टी अधू झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या माणसावर हा केवढा आघात! दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे होईना. अंधारात बसल्याबसल्या कागदाच्या घड्या बोटांनी चाचपत, एकेका चौकोनात एकेक कल्पना ठेवून त्यांचे परस्परसंबंध लावायचा त्यांना नाद लागला, तो जन्मभर टिकला. हळूहळू त्यांचे लक्ष पेशीकडून समाजाकडे वळले. प्राणी जसा परिसरात वाढतो, तसेच शहरही, ही त्यांची मुख्य कल्पना.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर हे जोडपे लवकरच जुन्या शहरातल्या गरीब वस्तीत, जेम्स कोर्ट नावाच्या चौकात, राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना सफेदी केली, खिडक्यांत फुलझाडे लावली, पडक्या जागा साफ केल्या. वस्ती पाडून टाकावी अशी सरकारी रीत होती. गेडीस म्हणत की आधी निदान करा. अगदी कुजलेला भाग तेवढा काढा, हवा-उजेडाला वाट करा, बाकीचे दुरुस्त करून जपा. शल्यविशारद जसा सबंध पाय न कापता गळू तेवढे कापतो, तशी ही जपून केलेली शस्त्रक्रिया. पुढे त्यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील मोकळ्या पडलेल्या जागांची मोजणी केली. सत्तरहून अधिक तुकडे निघाले आणि सगळे मिळून सुमारे १० एकर जमीन भरली. त्यांतील काहींच्या बागा झाल्या. या कामात त्यांची मुलगी नोरा पुढे होती.

मनोऱ्यातली अंधारी खोली

किल्ल्याजवळच्या एका उंच इमारतीच्या माथ्यावर मारिया शॉर्ट नावाच्या बाईंनी १८५३ साली एक अंधारी खोली थाटली होती. परदेशी शब्द कॅमेरा ऑब्स्क्यूरा, त्याचा अर्थच मुळी अंधारी खोली. तिचे तत्त्व आपण आठवी-नववीला शिकवतो. अंधाऱ्या पेटीला बारीक भोक पाडले की समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा आतल्या पडद्यावर पडते, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो. मनोऱ्यात भोकाच्या जागी भिंग आहे आणि वर एक फिरता आरसा. आरसा दृश्य खाली वळवतो, भिंग ते स्पष्ट करते आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पांढऱ्या, किंचित खोलगट मेजावर सबंध शहर उतरते. माणसे चालताना, गाड्या धावताना, धूर निघताना दिसतात. आरसा फिरवला की शहर फिरते.

१८९२ साली गेडीस यांनी ही इमारत ताब्यात घेतली आणि तिचे 'दर्शन-मनोरा' म्हणता येईल असे संग्रहालय केले. त्याची मांडणी मोठी विचारपूर्वक होती. सर्वांत वर अंधारी खोली आणि बाहेर गच्ची, म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे शहर. त्याखालच्या मजल्यावर एडिंबरा : नकाशे, इतिहास, आराखडे, छायाचित्रे. त्याखाली स्कॉटलंड. त्याखाली इंग्रजी बोलणारे देश. त्याखाली युरोप. आणि तळमजल्यावर जग. पाहुण्याला ते तळापासून सुरुवात करू देत नसत. गोल जिन्यावरून भराभर थेट माथ्यावर नेत. दम लागलेला, रक्त सळसळलेले, अशा अवस्थेत डोळे अधिक नीट पाहतात, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. एका बाजूला एक लहानशी रिकामी खोली होती. तिथे फक्त बसायचे, आणि जे पाहिले त्याचा मनाशी विचार करायचा.

आपल्या पाठ्यपुस्तकांचा 'परिसराकडून जगाकडे' हा क्रम इथे दगडी मजल्यांत बांधलेला दिसतो. सहलीच्या यादीत विचार करायची रिकामी खोली कुठेच नसते, हेही आम्हाला तेव्हाच जाणवले.

डोंगरापासून समुद्रापर्यंत

गेडीस यांचे एक आवडते चित्र होते, खोऱ्याचा छेद. कागदाच्या एका टोकाला उंच डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये उतरत जाणारी जमीन. प्रत्येक उंचीला एकेक काम. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग शिकारी, मेंढपाळ, उतारावरचा गरीब शेतकरी, सपाटीवरचा सधन शेतकरी आणि शेवटी किनाऱ्यावर कोळी. स्थळ, काम आणि माणसे असे तीन शब्द त्यांनी फ्रेंच विचारवंत ल प्ले यांच्याकडून घेऊन आपल्या पद्धतीने मांडले. स्थळ कामाला घडवते, काम माणसांना घडवते, आणि माणसे उलट स्थळाला बदलतात. शहर म्हणजे या खोऱ्यातील सगळी कामे एका ठिकाणी येऊन रूप बदलतात ती जागा. लाकूडतोड्याचा सुतार होतो, खाणकामगाराचा लोहार, मेंढपाळामागे लोकरीचा व्यापारी येतो.

आता आपण आपल्या कासूचे चित्र काढून पाहू. सह्याद्रीच्या माथ्याशी, खोपोली-खंडाळ्याच्या बाजूला अंबा नदी उगम पावते. जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत ती धरमतरच्या खाडीला मिळते. १९८९ च्या जुलैमध्ये तिने जांभूळपाड्यात केलेला कहर जुन्या माणसांना आठवतो. चढावर कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या, रानातला मेवा, नाचणी-वरी. त्याखाली भातशेती. रुळांच्या पश्चिमेला खारपट्टा : भरतीचे पाणी अडवायला बांधलेले बांध, त्यामागची आगरी लोकांची भातखाचरे, तळ्यांतला जिताडा. शेवटी खाडी आणि कोळ्यांच्या होड्या. शाळेच्या मागच्या टेकडीवर चढले की यातले बरेचसे एका नजरेत येते. गेडीस यांच्या चित्रातील एकही पायरी आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही.

आणि या छेदाच्या समुद्राकडल्या टोकापलीकडे मुंबई आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतले साहेब लोक महाबळेश्वरला जायचे ते गलबताने नागोठण्यापर्यंत, आणि पुढे महाडवरून पालखीतून. म्हणजे शहरातल्या माणसांच्या सहली आपल्या दारावरून जात होत्या! इथले भात, जळाऊ लाकूड आणि मीठ खाडीतून मुंबईला जात असे. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि कासूला स्थानक मिळाले. आज माणसेच रोज शहराकडे जातात. पाणीही जाते. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नळांतून नवी मुंबईच्या बाजूला पोचते, आणि याच तालुक्याच्या खारपट्ट्यातील गावांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. शहर समजून घेणे हा आमच्या मुलांच्या दृष्टीने केवळ करमणुकीचा प्रश्न नाही, तो असा.

गेडीस भारतात

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली गेडीस भारतात यायला निघाले. शहरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन, नकाशे, चित्रे, आराखडे, 'क्लॅन ग्रँट' या वेगळ्या जहाजातून येत होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. ऑक्टोबरमध्ये जर्मनांच्या 'एम्डन' या युद्धनौकेने ते जहाज बुडवले. अनेक वर्षांचे काम समुद्राच्या तळाशी गेले. दुसरा कोणी परत फिरला असता. गेडीस यांनी मित्रांना पत्रे लिहून नवी चित्रे जमवली आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उघडले.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी भारतातील सुमारे पन्नास शहरांवर अहवाल लिहिले. १९१५ सालचा एक अहवाल मुंबई इलाख्यातील सहा गावांवर होता. त्यांचे काम समजायला त्या आधीची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट नेमला गेला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हा त्याचा मुख्य उपाय होता. हवा यावी हा हेतू चांगला, पण पाडलेल्या घरांतील माणसे जायची कुठे? ती शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीने राहू लागत. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले होते. उंदीर रस्त्याच्या रुंदीला भीत नाहीत. त्यांना घालवायला घरातला कचरा, धान्याची साठवण आणि भिंतीतली बिळे पाहावी लागतात. गेडीस भर उन्हात गल्लीबोळ पायी तुडवत. अंगणे, विहिरी, पिंपळाचे पार, तळी यांची नोंद करत. तळी बुजवून टाका म्हणणाऱ्या अभियंत्यांना ते विरोध करत, कारण तळ्याने हवा थंड राहते, लोक जमतात आणि मासे डासांच्या अळ्या खातात.

याच काळात त्यांच्यावर दुहेरी दुःख कोसळले. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. ॲना त्या वेळी भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याचे गेडीस यांनी त्यांना कळू दिले नाही. जूनमध्ये लखनौला ॲनाही वारल्या. त्यानंतरही ते काम करत राहिले.

इंदूरची दिवाळी

त्यांच्या कामातली सर्वांत रंगतदार गोष्ट घडली ती होळकरांच्या इंदुरात. प्लेगाने आणि हिवतापाने शहर हैराण होते. दाढीवाला गोरा म्हातारा हातात नकाशा घेऊन गल्लीत शिरला की लोक दारे लावून घेत. चौकशी केल्यावर कळले की हाच साहेब प्लेग आणतो, अशी वदंता होती.

गेडीस यांनी दरबाराला विचारले, मला एक दिवसाचा महाराज कराल का? परवानगी मिळाली. मग शहरात दवंडी फिरली : यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरे साफ व दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्याने जाईल. कचरा सरकारी गाड्या फुकट नेतील. झाले! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. झाडलोट, सफेदी, डागडुजी सुरू झाली.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, वाजंत्री होतीच. शिवाय घाणीचा प्रचंड राक्षस होता, प्लेगाचा भलामोठा उंदीर होता, त्याच्या अंगावर तारांवर थरथरणाऱ्या पिसवा होत्या, हिवतापाचे डास होते. त्यामागून लक्ष्मी. आणि शहर झाडणारे सफाई कामगार नवे पांढरे कपडे घालून, रंगवलेल्या गाड्या व हार घातलेले बैल घेऊन मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. गेडीस यांना लोक आता वेगळ्याच नजरेने पाहू लागले.

एका मिरवणुकीने प्लेग गेला, असे मात्र आपण म्हणू नये. प्लेगाच्या साथीला आपले हंगाम असतात, आणि तुलनेसाठी दुसरे इंदूर नव्हते. सफाई कामगारांना एक दिवस मिळालेला मान दुसऱ्या दिवशी किती उरला, हाही प्रश्न आहेच. पण आरोग्याचा धडा लोकांच्या सणात कसा मिसळावा, याचे एवढे चांगले उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला.

मुंबईचा वर्ग आणि मालवणचा विद्यार्थी

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग काढला आणि गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. शिक्षक म्हणून त्यांची ख्याती संमिश्र होती. ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत. लेखनही समजायला कठीण. नेमलेल्या अभ्यासक्रमाने परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा वर्ग मानवण्यासारखा नव्हता.

तरी त्या वर्गात एक तरुण बसत असे. गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म मालवणचा, १८९३ सालचा, विषय संस्कृत. इंग्लंडला समाजशास्त्र शिकायला पाठवण्यासाठी विद्यार्थी निवडायचा होता, तेव्हा घुर्ये यांनी 'नागरी केंद्र म्हणून मुंबई' अशा विषयावर निबंध लिहिला. तो गेडीस यांना पसंत पडला. घुर्ये इंग्लंडला गेले, केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन यांच्याकडे शिकले आणि १९२३ साली परतले. गेडीस १९२४ साली प्रकृतीमुळे भारत सोडून गेले आणि त्याच वर्षी विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. ती त्यांनी १९५९ पर्यंत वाहिली. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी १९२८ साली एम. ए. केले. एम. एन. श्रीनिवास हेही त्यांचेच विद्यार्थी.

गुरुशिष्यांची मते मात्र सारखी नव्हती. घुर्ये यांनी ग्रंथ, संस्कृत साधने आणि जातिव्यवस्था यांकडे अधिक लक्ष दिले. पण पुण्याजवळच्या लोणीकंदचा टॉमस कोट्स यांनी १८२० च्या सुमारास केलेला अभ्यास पुढे ठेवून, सव्वाशे वर्षांनंतरचे तेच गाव घुर्ये यांनी पुन्हा तपासले. यात जागेवर जाऊन पाहण्याची जुनी ओढ दिसते. सांगायचा मुद्दा एवढाच, की कोकणातल्या एका मुलाने मुंबई नुसती पाहिली नाही, तिच्यावर विचार करून निबंध लिहिला, आणि त्या निबंधाने त्याची वाट बदलली. आमच्या मुलांच्या सहलीच्या निबंधांची आम्हाला इथे पुन्हा आठवण झाली.

गेडीस पुढे फ्रान्समध्ये माँपेलिए येथे राहिले आणि तिथेच १७ एप्रिल १९३२ रोजी वारले. एडिंबऱ्याचा मनोरा आजही उभा आहे. मजल्यांवर आता करमणुकीचे दृष्टिभ्रम मांडले आहेत, पण माथ्यावरची अंधारी खोली चालू आहे. आमच्या सहकाऱ्यांनी तीन दिवसांचा बेत बदलला. पहिल्या दिवशी ते सर्वांत आधी त्या खोलीत गेले, दुसऱ्या दिवशी तो मैलभराचा रस्ता बोळांसकट पायी पाहिला आणि तिसरा दिवस हटनच्या कड्यांना दिला. बाकी सारे त्यांनी सोडून दिले, आणि त्याची त्यांना मुळीच खंत वाटली नाही.

आमची पुढची सहल

हे सारे वाचल्यावर आम्ही आमच्या सहलीची आखणी नव्याने केली. ती अशी.

पहिली पायरी, मुंबईला न जाता टेकडीवर जायचे. मुलांनी डोंगरापासून खाडीपर्यंतचा छेद वहीत काढायचा आणि प्रत्येक पट्ट्यात स्थळ, काम, माणसे असे तीन रकाने भरायचे. घरी विचारून यायचे : आपल्या गावातून शहरात काय जाते, कोण जाते? शहराकडून काय येते?

दुसरी पायरी, वर्गाचीच अंधारी खोली. खिडक्यांना काळे कागद लावून एका कागदाला सुमारे एक सेंटिमीटरचे भोक पाडले की समोरच्या भिंतीवर अंगण उलटे दिसते. बाहेर लख्ख ऊन हवे, आणि डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावीत. झाडाखाली पडणारे उन्हाचे गोल कवडसे हीसुद्धा पानांमधल्या फटींनी घेतलेली सूर्याची चित्रेच. सूर्याचे चित्र भोकापासूनच्या अंतराच्या साधारण ११० व्या भागाएवढे असते. भोक जमिनीपासून ३.३ मीटर उंच असेल तर कवडसा सुमारे ३ सेंटिमीटरचा. मुलांनी मोजून पाहावे.

तिसरी पायरी, शहर. अकरा ठिकाणांऐवजी एकच पायी रस्ता. कासूहून गाडीने पनवेल, तिथून लोकलने बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी इथूनच सुटली, आणि आजचे स्थानक १८८८ साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींचे दगड पाहायचे, आपल्या डोंगरातला काळा दगड त्यांत कुठे आहे ते शोधायचे. तिथून बाजारगेट. १८६० च्या दशकात पाडलेल्या कोटाचा हा दरवाजा होता, आता नावापुरता उरला. मग हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्या, पुढे १७२५ सालची भिका बेहरामची गोड्या पाण्याची विहीर, आणि शेवटी १८७८ साली पुरा झालेला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. विहिरीपाशी एकच प्रश्न विचारायचा : तेव्हा शहर आपल्या विहिरीचे पाणी पीत होते, आज कोणाचे पिते?

चौथी पायरी, रिकामी खोली. मैदानाच्या कडेला झाडाखाली अर्धा तास बसायचे. बोलायचे नाही, खायचे नाही, भेंड्या नाहीत. मनात येईल ते वहीत लिहायचे.

दोन गोष्टींचे भान ठेवावे लागेल. मनोऱ्यावरून सारे नीटस दिसते, पण माणसांचा आवाज तिथवर पोचत नाही. गेडीस यांचे बरेच काम गव्हर्नर आणि राजेरजवाडे यांच्या हुकमावर अवलंबून होते, हे विसरता येत नाही. म्हणून रस्त्यावरच्या फेरीवाल्याशी, स्थानकावरच्या हमालाशी, सफाई करणाऱ्या बाईंशी मुलांनी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांच्यातले कितीतरी जण आपल्यासारख्याच एखाद्या खोऱ्यातून आलेले असतात. दुसरे, एवढ्या आखणीने सहलीची मजा जाता कामा नये. आइस्क्रीम आम्ही यादीत ठेवले आहे.

बसमध्ये आतल्या बाजूला बसलेली ती मुलगी आता शाळेतून बाहेर पडली आहे. तिच्या मागून येणाऱ्या मुलांना तरी खिडकीची जागा मिळावी, एवढाच आमचा प्रयत्न आहे. आपल्या गावचा छेद, आपल्या नदीचे आणि आपल्या शहराचे नाते आपण वर्गात काढून पाहिलेत तर मुलांनी काय टिपले ते आम्हाला जरूर कळवा.